कासा दास पाल्मेइरास

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील, मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांसाठीचे कलाकेंद्र. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नीझी दा सिल्वेइरा (१९०५–१९९९) यांनी १९५६ मध्ये ते सुरू केले.

मार्क्सवादी पुस्तके बाळगल्यावरून नीझींना १९३६ मध्ये तुरुंगवास घडला, नोकरीही गेली. १९४४ मध्ये त्या सरकारी सेवेत परतल्या तेव्हा विजेचे झटके आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया यांचा बोलबाला होता. झटक्याच्या यंत्राचे बटण दाबायला त्यांनी साफ नकार दिला. मग एंजेन्यो दि देंत्रो भागातील मनोरुग्णालयात त्यांच्या वाट्याला आला तो कुणालाच नको असलेला व्यवसायोपचार विभाग. तिथे १९४६ मध्ये, रुग्णालयातच नोकरी करणारे तरुण चित्रकार आल्मिर माविन्येर यांच्या मदतीने त्यांनी चित्रशाळा उघडली. रंग, कागद, माती हाती द्यायची, पण काय काढायचे ते सांगायचे नाही, अशी तिथली रीत.

फेर्नांदो दिनीझ हे तिथलेच एक रुग्ण. त्यांची आई श्रीमंतांच्या घरी शिवणकाम करी. लहानपणी तेही तिच्याबरोबर जात. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत वस्तू एकमेकींवर चढलेल्या, सगळा गुंता. हळूहळू चित्रांत जमीन आली, मग त्या जमिनीवर त्या श्रीमंत घरांतले टेबल, खुर्ची, पियानो आपापल्या जागी बसले. विस्कटलेले मन स्वतःच सावरू पाहते, हे नीझींचे म्हणणे इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. चित्रशाळेतील चित्रे जपण्यासाठी १९५२ मध्ये संग्रहालय उभे राहिले. १९५७ मध्ये त्यातील निवडक चित्रांचे झुरिच येथील प्रदर्शन मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या हस्ते खुले झाले.

तरीही घरी गेलेले रुग्ण पुन्हा पुन्हा दाखल होत. रुग्णालयाबाहेर त्यांना आधारच नव्हता, आणि चित्रशाळा होती भिंतींच्या आत. ती उणीव कासा दास पाल्मेइरास या केंद्राने भरून काढली, आणि नीझींच्या कामाचा हाच भाग सर्वांत मोलाचा मानायला हवा. येथे दारे-खिडक्या उघड्या असत आणि डॉक्टर पांढरा कोट घालत नसत. लोक दिवसा येत, रंगकाम, मातीकाम, विणकाम, नाटक, संगीत यांत रमत आणि संध्याकाळी घरी जात.

रुग्णाला असे समाजात ठेवूनच उपचार करण्यावर भर देणारा कायदा ब्राझीलने २००१ मध्ये केला. त्याच वर्षी एंजेन्यो दि देंत्रोमधील रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी आणि शेजारीपाजारी यांनी मिळून कार्निव्हलचे एक पथक सुरू केले. त्याची मिरवणूक रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडून वस्तीत फिरते.