सर्वश्रेष्ठ कोण? बास्केटबॉलची युगे आणि तुलनेचा पेच

१/
एनबीएचा १९६१-६२ चा हंगाम. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले. सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्ही बाबतींत अख्ख्या हंगामाची सरासरी दोन आकडी राखली. आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बॉस्टनचा बिल रसेल, ज्याची गुणांची सरासरी विसापर्यंतही पोहोचली नव्हती!

२/
हा पुरस्कार त्या काळी खेळाडूंच्याच मतांनी ठरत असे. वार्ताहरांनी निवडलेल्या हंगामाच्या सर्वोत्तम संघात मात्र मध्यवर्ती खेळाडूची पहिली जागा चेंबरलेनला मिळाली आणि रसेल दुसऱ्या संघात गेला. हंगाम एक, मैदाने तीच, प्रतिस्पर्धी तेच. तरी मैदानावरच्यांचा निवाडा वेगळा आणि मैदानाबाहेरून पाहणाऱ्यांचा वेगळा. समकालीनांचेच एकमत नसेल, तर रसेल, जॉर्डन आणि लेब्रॉन यांना एका रांगेत उभे करणाऱ्याने कोणता गज वापरावा?

३/
सर्वांत सोपा गज आकड्यांचा, आणि सर्वांत फसवाही तोच. १९६१-६२ मध्ये प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरी १०७ हून अधिक वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू फेकत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रमाण सुमारे ८० वर आले. फेकी अधिक म्हणजे गुण अधिक. चुकलेल्या फेकी अधिक म्हणजे रिबाउंडही अधिक. चेंबरलेनची त्या हंगामातील रिबाउंडची २५.७ ही सरासरी या वेगाला वजा केल्याशिवाय वाचता येत नाही.

४/
परंतु वजाबाकी करतानाही विवेक हवा. त्याच वेगात खेळणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ४० ची सरासरी गाठता आली नाही. शिवाय ४८ मिनिटांच्या खेळात चेंबरलेन सरासरी ४८.५ मिनिटे मैदानावर होता. हे गणित चुकलेले नाही, जादा वेळेत गेलेले सामने त्यात धरलेले आहेत. वेगाने त्याचा आकडा फुगवला हे खरे. केवळ वेगाने तो घडवला, हे खरे नाही.

५/
हा वेग आला कोठून? २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनिॲपोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. संपूर्ण सामन्याचा निकाल १९-१८! लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या जॉर्ज मायकनचे. त्याच्या हाती चेंडू लागूच नये म्हणून प्रतिस्पर्धी संघ चेंडू नुसता धरून बसला होता. असा खेळ तिकीट काढून कोण पाहणार? १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने २४ सेकंदांचे घड्याळ आले. हिशेब साधा होता: चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून १२० फेकी होतात, ४८ मिनिटे म्हणजे २,८८० सेकंद, भागाकार २४.

६/
मायकनमुळे आणखी एक बदल झाला. बास्केटखालच्या ज्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्याची रुंदी १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट करण्यात आली. चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, ती १६ फूट झाली. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तर १९६७ ते १९७६ या काळात डंक मारण्यावरच बंदी होती. तेव्हा यूसीएलएकडून लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, खेळत होता आणि नियमाचा रोख त्याच्यावरच असल्याचे मानले गेले. एखाद्याला रोखण्यासाठी खेळाचीच चौकट बदलावी लागते, ही श्रेष्ठत्वाची साक्ष गुणतक्त्यापेक्षा वजनदार मानावी लागेल.

७/
आता रसेलकडे वळू. १३ हंगामांत ११ विजेतेपदे, त्यांपैकी ८ सलग. त्याचे खरे शस्त्र होते प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे. आणि एनबीएने ब्लॉक व स्टील यांची नोंद ठेवायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या कारकिर्दीतील अधिकृत ब्लॉकची संख्या म्हणूनच कोणत्याही तक्त्यात नाही. नोंद नाही म्हणजे घटना नाही असे मानण्याची चूक इतिहासाचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी टाळायला शिकतो. क्रीडारसिकांच्या वादात मात्र ती रोज होते.

८/
याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रसेलच्या बहुतेक काळात लीगमध्ये आठ-नऊच संघ होते आणि गटात अव्वल आलेल्या संघाला विजेतेपदासाठी बहुधा दोनच मालिका जिंकाव्या लागत. जॉर्डनला प्रत्येक वेळी चार जिंकाव्या लागल्या. ११ विरुद्ध ६ ही तुलना म्हणूनच सरळ वजाबाकीची नाही.

९/
'तेव्हा खेळत होते ते प्लंबर आणि अग्निशामक दलाचे जवान' असा शेरा अलीकडे वारंवार ऐकू येतो. उन्हाळ्यात इतर नोकऱ्या करणारे खेळाडू होते, हे सत्य आहे. पण त्यामागचे कारण कौशल्याचा अभाव नव्हे, तर तुटपुंजे वेतन. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनमधील ऑल-स्टार सामन्यापूर्वी खेळाडूंनी पेन्शनचे आश्वासन मिळेपर्यंत कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर पडण्यास नकार दिला. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण खोळंबले होते. आश्वासन मिळाले, मगच सामना झाला. आज कोट्यवधी डॉलरचे करार करणारे खेळाडू ज्या पायावर उभे आहेत, त्याचा एक दगड त्या खोलीत बसला.

१०/
त्यात वर्णभेद. लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अर्ल लॉइड, मैदानात उतरला तो ३१ ऑक्टोबर १९५० रोजी. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतील लेक्झिंग्टन येथे बॉस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना खाद्यपदार्थ देण्यास नकार मिळाला, तेव्हा रसेल आणि सहकारी प्रदर्शनीय सामना न खेळताच परतले. पहिल्या भागातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याने मिळवला तो याच हंगामात. असा भार कोणत्या रकान्यात मांडायचा?

११/
जॉर्डन आणि लेब्रॉन यांच्याविषयी सारे काही उपलब्ध आहे, म्हणून येथे थोडक्यात. जॉर्डनच्या काळात चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवण्याची मोकळीक अधिक होती, पण क्षेत्र-बचाव निषिद्ध होता. लेब्रॉनच्या काळात नेमके उलटे. दोघांपैकी कोणाचे काम सोपे होते, हे ठामपणे सांगणाऱ्याने यातली एकच बाजू पाहिलेली असते. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉनने करीमचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला. करीमने त्यात तीन गुणांची फेक अवघी एकदा साधली होती, कारण ती रेषाच एनबीएमध्ये १९७९-८० साली आली. शिवाय करीम महाविद्यालय पूर्ण करून आला, लेब्रॉन थेट शाळेतून.

१२/
आणि साधनांचा प्रश्न. जॉर्डनची प्रत्येक झेप चित्रफितीवर आहे. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे चेंबरलेनने न्यूयॉर्कविरुद्ध १०० गुण केले: ६३ पैकी ३६ फेकी आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो. त्या सामन्याचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले नाही आणि चित्रफीतही नाही. उरले आहे ते शेवटच्या सत्राचे रेडिओ समालोचन, कागदावर '१००' लिहून हातात धरलेले एक छायाचित्र आणि त्या रात्री तेथे हजर असलेल्या ४,१२४ प्रेक्षकांची अधिकृत नोंद.