मुआविया : न्याय कोणाच्या साक्षीवरून?

मोहरमच्या दहाव्या दिवशी महाराष्ट्रातील कितीतरी गावांत ताबूत निघतात आणि अनेक ठिकाणी हिंदू बांधवही त्यांना खांदा देतात. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या भूमीवर हौतात्म्य पत्करलेल्या हुसेनचे ते स्मरण असते. ज्याच्या सैन्याने हुसेनला मारले तो यझीद बहुतेकांच्या लेखी खलनायक ठरला आहे. मात्र त्याला वारस नेमणारा त्याचा पिता मुआविया याच्याविषयी मुस्लिम जगाचे आजही एकमत नाही. २०२५ च्या रमजानमध्ये त्याच्या जीवनावरील एक अरबी दूरदर्शन-मालिका सुरू होताच इराकने आपल्या वाहिन्यांवर तिला मनाई केली. माणूस जाऊन साडेतेराशे वर्षे होत आली, वाद मात्र जिवंत आहे.

मुआविया मक्केच्या उमय्या घराण्यातला. त्याचा पिता अबू सुफ्यान हा आरंभी महंमद पैगंबरांचा कट्टर विरोधक होता. ६३९ च्या सुमारास प्लेगच्या साथीत थोरला भाऊ वारला आणि सिरियाचा कारभार मुआवियाकडे आला. ६५६ मध्ये त्याचा आप्त असलेल्या खलिफा उस्मानचा खून झाला. ‘आधी मारेकऱ्यांना शासन करा’, असे म्हणत त्याने नवे खलिफा अली यांना निष्ठा वाहण्याचे नाकारले. ६५७ मध्ये युफ्रेटिसकाठी सिफ्फीन येथे दोन्ही सैन्ये भिडली. मुआवियाच्या सैनिकांनी भाल्यांवर कुराणाच्या प्रती उंचावल्या, लढाई थांबली आणि प्रकरण लवादाकडे गेले. पण तंटा मिटला नाही. ६६१ मध्ये अलींची हत्या झाली, त्यांचे पुत्र हसन बाजूला झाले आणि दमास्कसमध्ये मुआवियाचे निर्वेध राज्य सुरू झाले. ते ६८० पर्यंत, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले.

शिया बांधवांच्या दृष्टीने तो हक्क हिरावून घेणारा सत्तालोभी. सुन्नी परंपरा त्याला पैगंबरांचा सहवास लाभलेला मानते आणि सहसा त्याची निंदा टाळते; तरीही पहिल्या चार खलिफांच्या पंक्तीला त्याला बसवीत नाही. त्याने खिलाफतीची बादशाही केली, हा आक्षेप सुन्नींनीही घेतला आहे. अलींचा निष्ठावंत हुज्र इब्न अदी याचा वध त्याच्याच आज्ञेने झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याच्याविषयीचे प्रमुख अरबी इतिहासग्रंथ अब्बासी अमदानीत लिहिले गेले आणि अब्बासींनी तर ७५० मध्ये उमय्यांनाच उलथून टाकले होते. मुआवियाला जाहीर शाप देण्याचा बेत एका अब्बासी खलिफाने आखला होता. दंगलीच्या भयाने तो सोडून द्यावा लागला.

मग ख्रिस्ती साक्ष काय सांगते? सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका सिरियाक बखरीनुसार यरुशलेममध्ये राजा म्हणून स्वीकार झाल्यावर मुआवियाने गोलगोथा येथे प्रार्थना केली. मग तो गेथशेमानेला आणि पवित्र मारियेच्या कबरीशीही गेला. गालिली सरोवराच्या आग्नेयेस, हम्मात गादेर येथील गरम पाण्याच्या स्नानगृहांच्या जीर्णोद्धाराचा ६६२ मधील ग्रीक शिलालेख सापडला आहे. त्यावर मुआवियाचे नाव आहे आणि आरंभी क्रूस कोरलेला आहे! त्याच शतकात मेसोपोटेमियातील योहान बार पेन्काये हा ख्रिस्ती संन्यासी त्याच्या काळातील शांततेची मुक्तकंठाने स्तुती करतो. संत योहान दमास्कसकर यांच्या घराण्यातील सरजून हा ख्रिस्ती गृहस्थ त्याच्या दरबारी महसुलाचा कारभार पाहत असे.

सेमिनरीतून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून हायसे वाटते. पण येथेच सावध व्हायला हवे. तीच बखर सांगते की याकोबी व मारोनी ख्रिस्ती लोकांचा धर्मवाद मुआवियापुढे झाला. हरलेल्या याकोबींकडून त्याने वर्षाला वीस हजार दिनार घेतले आणि संरक्षणासाठी ते भरीत राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. आपसांत भांडणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्याने निवाडा दिला आणि त्याचे मोल वसूल केले. ती साक्ष देणारी बखर मारोनींच्या बाजूची, हेही विसरता कामा नये. आपल्याला त्रास दिला नाही, एवढ्यावरून एखादा राजा न्यायी ठरतो का? हुज्रच्या विधवेला तेच विचारले असते तर उत्तर निराळे आले असते.

ही दुबळी बाजू केवळ इतरांची नाही. ३१३ मध्ये ख्रिस्तसभेला स्वातंत्र्य देणाऱ्या सम्राट कॉन्स्टन्टाइनचा गौरव आपण करतो; ३२६ मध्ये त्याच्याच आज्ञेने त्याचा पुत्र क्रिस्पस मारला गेला, हे मात्र क्वचितच उच्चारतो. उपकारकर्त्याचे दोष झाकावेत, हा मनाचा सहज कल आहे.

मुआविया कुशल होता, सहनशील होता. राज्यासाठी निष्ठुरही होता. त्याने दिलेली शांतता खरी होती आणि तिची किंमतही खरी होती. ती किंमत ज्यांनी मोजली त्यांची साक्ष प्रथम ऐकावी, मग आपली कृतज्ञता तराजूत घालावी. ताबुताला खांदा देणारी आपली साधी माणसे नकळत हेच करीत आली आहेत. राज्य कोणाचे होते हे त्यांनी विचारले नाही. रक्त कोणाचे सांडले, एवढेच लक्षात ठेवले.