नाट्यग्रंथांतील चित्रें आणि बॉयडेलची सोडत

1623 सालीं लंडन येथें शेक्सपीअरच्या नाटकांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचें पहिलें पान उलटतांच वाचकाच्या दृष्टीस पडतें तें एक भव्य, केशहीन कपाळ. मार्टिन ड्रूशाउट नांवाच्या कारागिरानें तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें हें कवीचें चित्र आहे. शिर गळपट्टीवर नुसतें ठेवून दिल्यासारखें दिसतें आणि अंगांतील डगल्याच्या दोन बाह्या एकमेकींशीं जुळत नाहींत. कवि निवर्तून त्या वेळीं सात वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां कोरणाऱ्यापुढें प्रत्यक्ष माणूस बसलेला नव्हता हें उघडच आहे. या चित्राच्या समोरच्या पानावर बेन जॉन्सन यानें एक लहानशी कविता लिहिली असून, वाचकानें चित्राकडे न पाहतां ग्रंथाकडे पाहावें, असा सल्ला तिच्या शेवटीं दिला आहे. चित्र छापावयाचें आणि शेजारींच त्याकडे पाहूं नका म्हणून सांगावयाचें, असा हा प्रकार आहे! नाट्यग्रंथांतील चित्रांचा पुढील तीनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर जॉन्सनचा हा सल्ला फारसा कोणीं मानला नाहीं, आणि ज्यांनीं मानला नाहीं त्यांतील एकाला तर त्यापायीं सर्वस्व गमवावें लागलें.

त्या संग्रहांत 36 नाटकें आहेत. त्यांपैकीं 18 नाटकें तत्पूर्वीं कधींच छापलीं गेलीं नव्हतीं. हेमिंग्ज आणि काँडेल या कवीच्या दोघां सहकारी नटांनीं तीं जमविलीं नसतीं, तर 'मॅक्बेथ' आणि 'टेम्पेस्ट' हीं नाटकें आज बहुधा नांवापुरतींच उरलीं असतीं. परंतु या जाडजूड ग्रंथांत नाटकांतील प्रसंगाचें एकहि चित्र नाहीं. रंगभूमीवर नट कसे उभे राहत, राजाचा पोशाख कसा असे, भूत कोठून येई, यांविषयीं तो ग्रंथ चित्ररूपानें कांहींहि सांगत नाहीं.

त्या काळीं अशीं चित्रें असत तीं स्वस्त सुट्या प्रतींवर. 1615 सालच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'च्या मुखपृष्ठावर लाकडी ठशानें छापलेलें एक चित्र आहे. लतामंडपाला मुलाचें प्रेत टांगलेलें आहे, म्हातारा बाप हातांत मशाल घेऊन धांवत आला आहे, आणि पात्रांच्या तोंडून निघणारे शब्द फितीसारख्या पट्ट्यांवर लिहिलेले आहेत. 1616 सालच्या 'डॉक्टर फॉस्टस'वर मंत्रवलयांत उभा असलेला पंडित, त्याच्या हातांत पोथी आणि समोर जमिनींतून वर येणारा काळा सैतान दाखविला आहे. चित्रें ओबडधोबड खरीं. पण जमिनींतून वर येणारा सैतान पाहिला, कीं रंगमंचाच्या फळ्यांतील चोरदाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्या युगांतील नाटकगृहाच्या अंतर्भागाचें जें एक प्रसिद्ध रेखाचित्र आहे, तें तर कोणत्याहि नाट्यग्रंथांत नव्हतें. योहान्नेस द विट या डच प्रवाशानें 1596 च्या सुमारास लंडनचें 'स्वान' नाटकगृह पाहून तें काढलें. त्याची एका मित्रानें केलेली नक्कल उट्रेख्टच्या ग्रंथालयांत पडून राहिली आणि 1888 सालीं जगापुढें आली. म्हणजे शेक्सपीअरच्या रंगभूमीवर जवळजवळ तीन शतकें लिहिणाऱ्या विद्वानांना तें ठाऊकच नव्हतें.

1642 सालीं इंग्लंडांत नाटकगृहें बंद झालीं आणि 1660 मध्यें राजसत्ता परत आल्यावर पुन्हां उघडलीं. त्यानंतरच्या पुस्तकांत चित्रांना थोडा मान मिळूं लागला. एल्कना सेटल याच्या 'एम्प्रेस ऑफ मोरोक्को' या नाटकाची 1673 ची प्रत त्यांतील देखाव्यांच्या कोरीव चित्रांसह निघाली. नाटक सामान्य प्रतीचें आहे. परंतु पडदे, कमानी आणि शेवटच्या यातनागृहाचा भयंकर देखावा या चित्रांत जसाच्या तसा सांपडतो, म्हणून आज तें नाटक वाचणारा एक, तर चित्रें पाहणारे दहा, अशी स्थिति आहे. ड्रायडन आणि त्याचे दोघे सोबती यांनीं या पुस्तकाची टर उडविणारें एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्यांत साहित्यिक मत्सराचा वांटा किती होता, हें ठरविणें कठीण नाहीं.

शेक्सपीअरच्या वांट्याला चित्रें आलीं तीं 1709 सालीं. जेकब टॉन्सन या प्रकाशकानें निकोलस रो या नाटककाराकडून सर्व नाटकें संपादून घेतलीं, सहा सुटसुटीत खंड काढले, आणि प्रत्येक नाटकाच्या आरंभीं एक मुखचित्र घातलें. यांपैकीं 'हॅम्लेट'चें चित्र मोठें बोलकें आहे. राणीच्या महालांत चिलखत घातलेलें भूत उभें आहे. हॅम्लेट दचकून उठला आहे, त्याची खुर्ची उलथून पडली आहे आणि एका पायांतील मोजा खालीं घसरला आहे. राजपुत्राच्या डोक्यावर मात्र अठराव्या शतकांतील सद्गृहस्थाचा लांब केसांचा टोप! हा पोशाख मूळ कथेंतील डेन्मार्कचा नव्हे आणि शेक्सपीअरच्या काळचाहि नव्हे. हा त्या काळच्या लंडनच्या रंगभूमीचा आहे. बेटर्टन हा थोर नट हॅम्लेटची भूमिका वृद्धपणापर्यंत करीत असे आणि रो यानें कवीच्या चरित्राची माहितीहि त्याच्याकडूनच मिळविली होती. बेटर्टन 1710 सालीं वारला. खुर्ची उलथण्याची ती लकब मात्र नटांनीं एकमेकांपासून उचलली. गॅरिक तर सहज कलंडेल अशी खुर्ची मुद्दाम वापरीत असे. नटाच्या अभिनयाचा एक क्षण अशा रीतीनें एका मुखचित्रांत टिकून राहिला आहे.

तथापि याच संचांतील 'कोरिओलेनस'चें चित्र पाहून रोमन पोशाखांविषयीं कोणी निष्कर्ष काढील, तर तो फसेल. कारण तें पूसॅं या फ्रेंच चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्रावरून उचललें आहे. एका खंडांत रंगभूमीची साक्ष आणि दुसऱ्यांत दुसऱ्याच्या चित्राची नक्कल! नाट्यग्रंथांतील चित्रांवर विश्वास ठेवणाऱ्यानें ही गोष्ट नेहमीं ध्यानांत ठेवावी.

यानंतर हॅन्मर याची देखणी प्रत आली, नटांच्या पोशाखांसह चित्रें देणारी जॉन बेल याची स्वस्त प्रतहि आली. परंतु या सर्वांना झांकून टाकणारा उद्योग जॉन बॉयडेल या गृहस्थानें आरंभिला.

बॉयडेल हा मूळचा ताम्रपट कोरणारा. आपली कारागिरी बेताचीच आहे हें त्यानें वेळींच ओळखलें आणि दुसऱ्यांकडून चित्रें कोरवून विकण्याचा धंदा सुरू केला. त्यापूर्वीं इंग्लंडांत चांगलीं छापील चित्रें फ्रान्सहून येत. बॉयडेलनें हा प्रवाह उलटा फिरविला आणि इंग्रजी चित्रें युरोपभर जाऊं लागलीं. पैसा आला, मान आला. 1790 सालीं तो लंडनचा लॉर्ड मेयरहि झाला. पण त्याआधींच, 1786 च्या नोव्हेंबरांत, पुतण्याच्या घरीं जेवणाच्या पंक्तीला कांहीं चित्रकार व पुस्तकविक्रेते जमले असतां, इंग्रज चित्रकार केवळ तसबिरीच काढतात, ऐतिहासिक व उदात्त विषय त्यांना झेपत नाहींत, या परदेशीयांच्या टोमण्याची गोष्ट निघाली. म्हाताऱ्या बॉयडेलला ती लागली. शेक्सपीअरहून मोठा राष्ट्रीय विषय कोणता? ठरलें असें कीं, नामांकित चित्रकारांकडून नाटकांतील प्रसंगांचीं मोठीं तैलचित्रें काढवावींत, त्यांच्यासाठीं एक चित्रमंदिर बांधावें, तीं कोरवून नाटकांची भव्य सचित्र आवृत्ति व मोठ्या चित्रांचा वेगळा संग्रह काढावा, आणि वर्गणीदारांच्या पैशांवर हा सगळा डोलारा उभा राहावा.

जोशुआ रेनॉल्ड्सला प्रथम हें काम आपल्या प्रतिष्ठेला शोभणारें वाटेना. 500 पौंड आगाऊ हातीं पडले, तेव्हां प्रतिष्ठेची समजूत पटली. 'मॅक्बेथ'मधील चेटकिणींच्या चित्राबद्दल त्याला एकंदर 1000 पौंड मिळाले. रॉम्नी, वेस्ट, ओपी, फ्यूझेली, अँजेलिका काउफमन असे त्या वेळचे बहुतेक नांवाजलेले कलावंत कामाला लागले. 4 मे 1789 रोजीं पॅल मॅल या रस्त्यावर चित्रमंदिर उघडलें, तेव्हां तेथें 34 चित्रें होतीं; पुढें ही संख्या 160 च्या वर गेली.

कौतुक पुष्कळ झालें, तशी निंदाहि झाली. गिलरे या व्यंगचित्रकारानें त्याच जूनमध्यें एक चित्र काढलें. त्यांत बॉयडेल आपला अधिकाराचा झगा घालून शेक्सपीअरचीं नाटकें अग्नींत होमीत आहे, आणि वर्गणीदारांच्या यादीवर लोभाचें भूत पैशाच्या पिशव्या कवटाळून बसलें आहे. हा आरोप न्याय्य नव्हता. बॉयडेल नफ्याकडे दुर्लक्ष करणारा नव्हता हें खरें. पण केवळ लोभी मनुष्य सत्तरीच्या घरांत आयुष्याची सारी कमाई अशा उद्योगांत ओतीत नाहीं.

खरी चूक निराळ्याच ठिकाणीं होती. चित्रें मोठीं व संख्येनें फार. तीं रेषांनीं कोरावयाचीं म्हणजे एकेका पत्र्याला वर्षेंच्या वर्षें लागत. म्हणून पुष्कळ ठिकाणीं ठिपक्यांनीं कोरण्याची जलद रीत वापरली गेली. असे पत्रे लवकर झिजतात, आणि छापे फिके निघूं लागतात. खंड 1791 पासून तुकड्यातुकड्यांनीं निघत होते. वाट पाहून कंटाळलेल्या वर्गणीदारांच्या हातीं असे फिके छापे पडले, तेव्हां त्यांनीं पुढील हप्ते देण्याचें सोडून दिलें. त्यांतच 1793 मध्यें फ्रान्सशीं युद्ध जुंपलें. ज्या परदेशी बाजारावर बॉयडेलची सारी भिस्त, तो बाजारच बंद झाला. नऊ खंड पुरे होईपर्यंत 1803 साल उजाडलें आणि कर्जाचा आंकडा 40 हजार पौंडांच्या वर गेला.

हें चित्रमंदिर राष्ट्राला अर्पण करण्याची म्हाताऱ्याची इच्छा होती. त्याऐवजीं 1804 सालीं त्याला पार्लमेंटपुढें पदर पसरावा लागला. कलेच्या उत्तेजनार्थ आपण व आपल्या बांधवांनीं साडेतीन लक्ष पौंडांहून अधिक खर्च केला, आतां निदान मालाची सोडत काढण्याची परवानगी तरी मिळावी, असें त्यानें लिहिलें. परवानगी मिळाली. तीन गिनी किंमतीचीं 22 हजार तिकिटें छापलीं आणि तीं सर्व खपलीं. नाटकांच्या छापील प्रतीला अखेरपर्यंत जे वर्गणीदार टिकले नाहींत, ते चित्रांच्या जुगाराला मिळाले! कर्ज फिटणार एवढी खात्री बॉयडेलला झाली; पण सोडत पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. 12 डिसेंबर 1804 रोजीं तो वारला आणि पुढील जानेवारीच्या 28 तारखेस सोडत निघाली.

पहिलें बक्षीस, म्हणजे सबंध इमारत आणि आंतील चित्रें, विल्यम टॅसी या रत्नांचे ठसे करणाऱ्या व्यापाऱ्याला लागलें. बॉयडेलच्या पुतण्यानें तें 10 हजार पौंडांना परत मागितलें. टॅसी राजी झाला नाहीं. त्यानें मे महिन्यांत ख्रिस्टीच्या दुकानीं चित्रांचा लिलाव केला, आणि सगळ्या चित्रांचे मिळून सहा हजार पौंडांच्या थोडे वर आले. वेस्टचें 'किंग लिअर' घेतलें तें रॉबर्ट फुल्टन यानें, ज्यानें दोनच वर्षांनीं हडसन नदींत आगबोट चालविली त्याच फुल्टननें. बाकीचीं चित्रें घरोघर विखुरलीं. त्यांतील कित्येकांचा मागमूसहि उरलेला नाहीं. झिजलेल्या पत्र्यांना मात्र अनपेक्षित आयुष्य लाभलें: ते अमेरिकेंत पोंचले, दुरुस्त झाले आणि 1852 च्या सुमारास न्यू यॉर्क येथें त्यांच्यावरून पुन्हां चित्रें छापलीं गेलीं.

बॉयडेलचें चित्रमंदिर ज्यानें तरुणपणीं पाहिलें, त्या चार्ल्स लॅमनें उतारवयांत एका पत्रांत तक्रार केली आहे कीं, या चित्रांनीं आपल्या मनांतील शेक्सपीअरचें फार नुकसान केलें. जूलिएटचा चेहरा एकदां कोणीं ठरवून दिला, कीं वाचकाच्या कल्पनेला बेडी पडते. शेक्सपीअरच्या गोष्टी मुलांसाठीं लिहिणाऱ्या लॅमची ही तक्रार म्हणजे जॉन्सनच्या जुन्या सल्ल्याचीच पुनरुक्ति होय. बॉयडेलच्या चित्रकारांनीं रंगभूमी दाखविली नाहीं आणि कवीची कल्पनाहि दाखविली नाहीं. त्यांनीं बहुतांशीं स्वतःची विद्वत्ता दाखविली. फ्यूझेलीचीं भुतें तेवढीं या दोषांतून सुटतात.

हा वाद निराळ्या रीतीनें सोडविला तो गॉर्डन क्रेग या रंगयोजकानें. एलन टेरी या नामांकित नटीचा हा मुलगा. 1912 च्या आरंभीं मॉस्को आर्ट थिएटरांत झालेल्या 'हॅम्लेट'ची योजना त्यानें केली होती. त्या प्रयोगांत राजाराणीच्या एकाच विशाल सोनेरी झग्यांतून दरबाऱ्यांचीं मस्तकें वर आलेलीं दिसत, आणि पुढें काळ्या वेषांतील हॅम्लेट एकटा बसलेला असे. प्रयोगाची आंखणी करतांना क्रेग लहानशा नमुन्याच्या रंगमंचावर लांकडाच्या चपट्या आकृती हलवून पाही. या आकृतींनाच शाई लावून त्यांचे ठसे उमटवावे, ही कल्पना काउंट केस्लर या जर्मन रसिकानें उचलून धरली. महायुद्धामुळें काम थांबलें. अखेर वाइमार येथील त्याच्या क्रानाख छापखान्यांतून प्रथम जर्मन व नंतर 1930 सालीं इंग्रजी 'हॅम्लेट' बाहेर पडलें. इंग्रजी प्रती सुमारें तीनशेंच होत्या. त्यांत मध्यभागीं नाटक, कडेनें हॅम्लेटची मूळ जुनी कथा आणि मजकुराच्या मधून चालत जाणाऱ्या काळ्या आकृती आहेत. त्यांना चेहरे असे जवळजवळ नाहींतच. लॅमनें ज्या बेडीची तक्रार केली होती, ती येथें कोणाच्याहि पायांत पडत नाहीं. 1933 सालीं हिटलरचें राज्य आल्यावर केस्लर जर्मनी सोडून गेला आणि चार वर्षांनीं फ्रान्समध्यें वारला.