खिशातलं पिस्तूल आणि एक जास्तीचा ‘र’

आधी एक करा. हातातला फोन कोटाच्या नाहीतर जॅकेटच्या खिशात टाका. बाहेरून कळतंय काही? नाही ना? मीही काल ऑफिसला जाताना हेच करून बघितलं. कारण आजच्या गोष्टीतलं पिस्तूल साधारण एवढंच आहे. लांबी ६ इंचांच्या आत, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास.

हे बनवलं फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एकदा चाप ओढला की खेळ खलास. दुसरी गोळी नाही. म्हणजे लांबून नेम धरायला हे जवळपास निरुपयोगी. याचं एकच फीचर: कुणाला दिसत नाही.

लोक ते स्वतःच्या रक्षणासाठी घ्यायचे. पण १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ तेच घेऊन अब्राहम लिंकनच्या मागे जाऊन उभा राहिला. एक गोळी झाडली. मेजर रॅथबोन धावून आले, तर बूथने सुरा काढला. कारण पिस्तूल रिकामं झालं होतं. लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

डेरिंजरच्या पिस्तुलाच्या नकला आधीपासूनच निघत होत्या. पुढे स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ‘र’ घुसला आणि प्रत्येक छोट्या पिस्तुलाला लोक ‘डेरिंजर’ म्हणू लागले.

आम्ही कोडमध्ये म्हणतो, फीचर तेच, वापरणारा बदलला की बग. इथे मात्र पॅच नव्हता.

भेटू पुढच्या भागात!