शिक्षक कोणातून घडवायचा?

आमच्या मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वी स्मरणिका काढली. तिथल्या अध्यापक प्रशिक्षण विभागात मी आयुष्यभर नोकरी केलेली. साहजिकच विभागाचा इतिहास लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो १८४८ पासून लिहिला. संपादक मंडळाने सुरुवातीची पाने काढून टाकली आणि इमारतीच्या पायाभरणीपासूनचा मजकूर छापला. विभागाचा इतिहास विभागापासूनच सुरू होतो, असे मला समजावून सांगण्यात आले. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. विटा केव्हा रचल्या याला मी इतिहास म्हणत नाही. शिक्षक कोणातून आणि कोणासाठी घडवायचा, या प्रश्नावरचा झगडा हाच प्रशिक्षणाचा खरा इतिहास होय.

या झगड्याचा उगम आमच्या पुणे जिल्ह्यातच आहे. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांना पाठ असते. पण शाळा काढताच पहिली अडचण आली ती शिक्षकाची. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना आपुलकीने शिकवील असा माणूस आणायचा कोठून? जोतीरावांनी तो घरातच घडवला. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्या काळात शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला नॉर्मल स्कूल म्हणत. म्हणजे महार-मांगांच्या पोरांना शिकवायला उभी राहिलेली ही बाई रीतसर प्रशिक्षित शिक्षिका होती. तिच्यावर शेण फेकले गेले, ही गोष्ट आपण भाषणांतून सांगतो. ती प्रशिक्षण घेऊन उभी होती, ही गोष्ट मात्र सांगत नाही. आणि फळ काय मिळाले? त्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला.

सरकारी प्रशिक्षणाची वाट मात्र वेगळी होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडणारे पंतोजी बहुतेक एकाच वर्णाचे असत. जोतीरावांनी १८६९ साली विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला, त्यामागे हाच अनुभव होता. पुढे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षकाचा विचार किती नेमका आहे पाहा. शिक्षक प्रशिक्षित असावा; तो होता होईल तो शेतकरी वर्गातूनच घ्यावा; प्रसंगी नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला त्याला लाज वाटू नये; आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. जातीचा, श्रमाचा आणि पोटाचा असे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एकाच ठिकाणी मांडले. सरकारने हे ऐकले असते तर आमच्या मावळातल्या वाड्यावस्त्यांचा इतिहास निराळा झाला असता.

पुण्यातच आणखी एक नॉर्मल स्कूल होते. ते लष्कराचे. पलटणीतल्या शाळांसाठी तेथे शिक्षक तयार होत. सुभेदार रामजी सकपाळ तेथे शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. बाबासाहेबांच्या घरात पुस्तक आले ते या वाटेने. गावच्या शाळेत ज्या समाजाच्या मुलाला उंबऱ्याबाहेर बसावे लागे, त्याच समाजाचा माणूस पलटणीत मुख्याध्यापक झाला. तेव्हा उणीव बुद्धीची कधीच नव्हती, उणीव दाराची होती. पुढे १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि ते दारही लागले. एका हुकुमाने किती घरांतली पाटी-पेन्सिल हिरावली गेली, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

तिसरी वाट साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली, बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्य महोत्सवाचे निमित्त साधून, सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव बादशहाच्या उत्सवाचे, पण आत बसलेली पोरे खेड्यातली, सर्व जातींची, श्रम करून शिकणारी. जोतीरावांनी आयोगापुढे मागितलेला शिक्षक इथे प्रत्यक्ष घडू लागला.

आणि मुळशी? १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह केला. तो लढा मोठा होता. पण भरपाईची बोलणी होतात ती जमिनीच्या मालकाशी. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याने कोणत्या कागदावर अंगठा उठवायचा? माझ्या घरात येसकरकी होती. १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि माझ्या बापाला सुटल्यासारखे वाटले. मला गावच्या मास्तरने दाराशी बसवले. तरी मी शिकलो, डी.एड. झालो, आणि पुढे इतरांना पाठ टाचण लिहायला शिकवू लागलो. माझ्यासारख्या घरांना ही पदविका म्हणजे पहिला पगार होता. पहिले पक्के घर, बहिणीचे शिक्षण, गावात मान वर करून चालणे, हे सारे त्यावर उभे राहिले.

पण १९८३ नंतर व्यावसायिक शिक्षणात विनाअनुदानाची वाट मोकळी झाली आणि पुढे अध्यापक विद्यालयांचेही पेव फुटले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण काम आणि तीन वर्षे तुटपुंजे मानधन! २०१० नंतर कित्येक वर्षे भरती रखडली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली. आमच्या वस्त्यांतली डी.एड. झालेली पोरे पुन्हा रोजंदारीवर गेली. मग विद्यार्थीच येईनात. वर्गातली बाके रिकामी पडली आणि विद्यालये बंद होऊ लागली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आता २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा आग्रह धरला आहे. शिक्षक चांगला शिकलेला असावा याला कोण नाही म्हणेल? पण चार वर्षांची फी आणि शहरातली खोली कोणाला परवडणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आज हिंजवडीला काचेच्या इमारती आहेत आणि त्याच तालुक्यातल्या धरणाकाठच्या वाडीत मूल अजून शिक्षकाची वाट पाहते. या दोन टोकांमध्ये बारा रुपयांचा तो जुना प्रश्न उभा आहे.

म्हणून स्मरणिकेतून गळलेली पाने मी येथे मांडली. कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे: आपल्या तालुक्यातल्या अध्यापक विद्यालयात जा. जुनी हजेरीपुस्तके चाळा. कोण आले, कोण मध्येच गळाले, कोणाला नोकरी लागली आणि कोण विटा वाहायला गेले, ते लिहून काढा. पायाभरणीचा दगड कोणीही वाचील. ती हजेरीपुस्तके मात्र आपणच वाचली पाहिजेत.