रानकथांचे विस्मृत चित्रकार

भंडारा शहराजवळून वाहणारी वैनगंगा जगांतील लक्षावधि वाचकांच्या परिचयाची आहे, ही गोष्ट तिच्या कांठीं राहणाऱ्या आम्हांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधील शेरखान याच नदीच्या आसऱ्यानें राहतो आणि तिच्याच घळईंत गुरांच्या पायांखालीं तुडविला जातो. मोगलीचें रान म्हणजे आमच्या उत्तरेकडील शिवनीचा मुलूख. परंतु किपलिंगनें तो मुलूख स्वतः पाहिल्याचा पुरावा मिळत नाहीं. मग हें रान त्याच्या पुस्तकांत आलें कोठून?

अभ्यासक या प्रश्नाच्या उत्तरादाखल रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याचें नांव घेतात. शिवनीच्या रानांतील आपले अनुभव त्यानें १८७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले आणि त्यांतील चित्रेंही स्वहस्तें काढलीं. पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचा तो आद्य संपादकांपैकीं एक झाला. किपलिंग घरोघरीं पोंचला. स्टर्नडेल मात्र तळटीपेंत राहिला. आणि ज्या गोंड वाटाड्यांनीं अशा साहेबलोकांना रानाच्या वाटा दाखविल्या, त्यांच्या वाट्याला तर तळटीपही आली नाहीं.

रानकथेच्या वंशवृक्षांत हाच प्रकार पुढेंही चालू राहिला. बरोजचा टारझन १९१२ सालीं जन्मला. १९२९ च्या जानेवारींत तो वृत्तपत्रांतील चित्रकथेंत उतरला, तो हॅरोल्ड फॉस्टरच्या कुंचल्यामुळें. १९३६ सालीं ली फॉक यानें ‘फँटम’ निर्माण केला. त्याला रूप देणारा रे मूर आणि त्याच्यामागून १९६१ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत तें काम वाहणारा विल्सन मकॉय, यांचीं नांवें किती वाचकांच्या स्मरणांत आहेत?

मुंबईच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें मार्च १९६४ पासून हा वनवीर हिंदुस्थानांत आणला व पुढें मराठीसह अनेक देशी भाषांतून त्याला बोलतें केलें. आमच्या मुलांनीं तो अंक प्रथम उचलला तो मुखपृष्ठ पाहून. आणि आरंभींच्या अंकांचीं तीं मुखपृष्ठें रंगविणारे चित्रकार होते गोविंद ब्राह्मणिया. पुढें १९७६ सालीं आबिद सुरती यांनीं चंबळच्या परिसरांतील ‘बहादुर’ हा देशी नायक निर्माण केला, त्यालाही गोविंद यांनींच आकार दिला. १९९० सालीं ही मालिका बंद पडली. अंक रद्दींत गेले आणि त्यांच्याबरोबर चित्रकाराचें नांवही गेलें.

या कथा निर्दोष होत्या असें माझें म्हणणें नाहीं. रानांतील सर्व माणसें भाबडीं आणि त्यांचा त्राता मात्र एक गोरा पुरुष, ही कल्पना साम्राज्यशाहीच्या काळाचें अपत्य आहे. परंतु कल्पनेचा दोष कारागिराच्या माथीं मारून त्याचें कसबही विसरणें, हा न्याय नव्हे.

नायक अमर होतो, निर्माता विस्मृतींत जातो, हा कथेचा विजय आहे असें कोणी म्हणेल. मला तें ऋण बुडविणें वाटतें. वैनगंगेचें पाणी पिणाऱ्यांनीं तरी, मोगलीचें नांव घेतांना, त्याचें रान ज्यांनीं प्रथम पाहिलें, दाखविलें आणि रेखाटलें, त्यांचें स्मरण ठेवावें.