सीडीच्या डबीचे घरगुती कागदी आवरण

सीडीच्या पारदर्शक प्लास्टिक डबीत बसवण्यासाठी घरीच छापून किंवा हाताने रंगवून केलेला कागद. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा व्यास १२० मिमी. असल्याने दर्शनी कागदही साधारण तेवढाच चौरस असतो. मागचा कागद सुमारे १५१ × ११८ मिमी. लागतो, त्याच्या दोन बाजूंच्या साडेसहा मिमी.च्या पट्ट्या दुमडून त्यांवर नाव घालतात. दोन्ही तुकडे एकाच ए-फोर कागदातून निघतात, खरी बचत तिथेच. पट्टी धरून शाई संपलेल्या रिफिलने आधी रेघ दाबली, तर घडी धारदार येते. नुसत्या बोटाने घातलेली घडी फुगते आणि कागद खाचेत बसत नाही. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्यास माप बिघडते. मागच्या कागदासाठी सीडी अडकवण्याचा आतला ट्रे उचकटावा लागतो. हे काम अलगदच करावे, कारण जुन्या डब्यांचे प्लास्टिक पटकन तडकते. डीव्हीडीच्या नेहमीच्या उंच डबीचे काम त्यामानाने सोपे : २७३ × १८३ मिमी.चा एकसंध कागद बाहेरच्या पारदर्शक खिशात सरकवला की झाले.